दुसऱ्या बेसवरचा नमस्कार

"बेसवरच थांब, अश्विनी! पाय उचलू नको!" मी लाइनीच्या बाहेरून बोंबलत होते. घसा फाटायची वेळ आली, पण अश्विनीच्या कानात काही शिरलं नाही. विद्यापीठाच्या सॉफ्टबॉलची फायनल होती, शेवटची इनिंग होती आणि आम्ही एका रनने मागे होतो. आमच्या दोघी आउट झालेल्या. अश्विनी पहिल्या बेसवरून सुटली आणि दुसऱ्या बेसवर अशी घसरत गेली की अर्धं ग्राउंड उभं राहिलं. अंपायरने दोन्ही हात पसरले. सेफ! मी जागच्या जागी उडी मारली. तेवढ्यात आमची अश्विनी उठली, बेस सोडून एक पाऊल पुढे गेली, वाकली, समोरच्या टीमच्या पोरीच्या पायाला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला.

घसरताना तिचा पाय त्या पोरीच्या नडगीला लागला होता ना! पाय लागला की नमस्कार.

ती पोरगी आधी गोंधळली. पण तिच्या ग्लोव्हमध्ये बॉल होता आणि डोकं ठिकाणावर होतं. तिने तो ग्लोव्ह अश्विनीच्या वाकलेल्या डोक्यावर अलगद ठेवला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की आशीर्वादच देते आहे. "आउट!" अंपायर ओरडला. मॅच संपली. शील्ड गेली.

सॉफ्टबॉल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ते बहुतेकांना माहीत नाही. आमच्या संस्थेच्या सचिवांना तर अजूनही नाही. मैदानात एक चौकोन असतो, त्याच्या कोपऱ्यांना चार बेस. शेवटच्याला होम म्हणतात. पिचर खालून हात फिरवून बॉल टाकते, बॅटवाली तो मारते आणि पळते. पहिला, दुसरा, तिसरा बेस करत घरी परत आली की एक रन. बेसवर पाय आहे तोवर तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. बेस सोडला आणि समोरच्या पोरीने बॉल अंगाला टेकवला की आउट. तिघी आउट झाल्या की बॅटिंग संपली. जोरात पळताना नेमकं बेसवर थांबता येत नाही, म्हणून शेवटचं अंतर जमिनीवरून घसरत जातात. त्याला स्लाइड म्हणतात. स्लाइडमध्ये पाय पुढे असतात आणि पुढे बेस राखणारी पोरगी उभी असते. पाय लागणारच. जगात सगळीकडे लागतो. नमस्कार मात्र आमच्याकडेच होतो.

मॅच संपल्यावर मी अश्विनीला समोर उभं केलं.

"काय करून राह्यली होती वं तू तिथं?"

"मॅडम, पाय लागला ना त्यांले."

"मंग?"

"मंग नमस्कार नाही करा लागत का?"

तिने हे अगदी सरळपणे विचारलं. उत्तर दिलं ते शीतलने. शीतल आमची कॅप्टन आणि पिचर, चिखलीच्या दाणाबाजारातली पोरगी, तोंडाने नुसता फटाका. "करा लागते तं बसस्टँडवर कर नं वं! फायनलमंदीच काऊन सुचलं तुले? माय वं, डोक्यावर हात ठेवून आउट केलं आपल्याले!" मग ती ग्लोव्ह आपटून रडायला लागली. तिच्या मागे सगळी टीम रडली. अश्विनी सर्वांत जास्त रडली आणि रडता रडता तिचा पाय शीतलच्या बॅटला लागला, तर तिने बॅटला नमस्कार केला. मी कपाळावर हात मारून घेतला.

या टीमचा इतिहास सांगायला हवा. मी, इंगळे मॅडम, मूळची वरवट बकालची, लग्न होऊन चिखलीत आले आणि इथल्याच महिला महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून लागले. संचालक म्हटलं की लोकांना मोठं वाटतं. प्रत्यक्षात चुन्याच्या लाइनी मारण्यापासून मुलींच्या घरच्यांच्या हातापाया पडण्यापर्यंत सगळं एकटीने करायचं असतं. तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कोणत्याही खेळात नंबर आणा. खेळ कोणता ते तुम्ही ठरवा." खो-खोत विद्यापीठातली सगळी कॉलेजं उतरायची, कबड्डीत त्याहून जास्त. सॉफ्टबॉलच्या यादीत बोटांवर मोजण्याइतकी नावं होती. मी सॉफ्टबॉल धरला. आमच्या धंद्यात याला दूरदृष्टी म्हणतात.

किट आलं. ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो, कारण उजव्याने फेकायचं असतं. पोरींनी तो उजव्या हातात घातला आणि विचारलं, "मॅडम, आता फेकाचं कायनं?" बॅट पाहून आमचा शिपाई म्हणाला, "धुनं धोपटाले एवढं लांब लाकूड कायले मांगवलं?" पहिल्या वर्षी आम्ही असे हरलो की समोरच्या टीमची बॅटिंग संपता संपेना. त्यांची कोच चहा पिऊन आली, तरी त्या खेळतच होत्या. पण माझ्या पोरी खो-खोच्या होत्या. त्यांना पळायला शिकवावं लागलं नाही, थांबायला शिकवावं लागलं. स्लाइड तर त्यांना आईच्या पोटातूनच येत असावी. खो-खोत खांब गाठायला जशी अंग टाकायची सवय, तशीच त्या बेसवर अंग टाकायच्या. बाकीच्या कॉलेजच्या मुली कपडे मळतील म्हणून बिचकायच्या. आमच्या पोरी मळूनच यायच्या.

हळूहळू शील्ड यायला लागल्या आणि मग येतच राहिल्या. आमच्या कुणी पोलिसात लागल्या, कुणी शाळेत पीटी शिकवायला लागल्या. प्राचार्यांच्या केबिनमधलं कपाट भरलं, मग ग्रंथालयातलं भरलं, मग काही शील्ड माझ्या घरी दिवाणाखाली गेल्या. नवरा म्हणायचा, "घरात झोपाले जागा ठेव." पेपरात दर वर्षी आमचा फोटो यायचा आणि खाली दर वर्षी दुसऱ्याच खेळाचं नाव असायचं. तरी टीम चालली होती. आणि मग दुसऱ्या बेसवरचा तो नमस्कार झाला.

हरून आल्यावर आठवडाही गेला नसेल, सचिवांनी बोलावलं. सचिव म्हणजे अण्णासाहेब. संस्था त्यांच्या वडिलांनी काढलेली. माणूस वाईट नाही, पण ग्राउंड दिसलं की त्यांना खेळ दिसत नाही, मोकळी जागा दिसते.

"बसा मॅडम. चहा घ्या. ग्राउंडचं लॉन कराचं ठरून राह्यलं."

आमच्याकडे लॉन म्हणजे हिरवळ नव्हे. लॉन म्हणजे लग्न लावायची उघडी जागा. एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला बफे, मधे खुर्च्या, चारी बाजूंनी लायटिंग.

"आणि टीमनं कुठं खेळायचं?" मी विचारलं.

"टीम तं हारली म्हणे."

"एकदा हरली, अण्णासाहेब. त्याच्या आधीच्या शील्ड मोजा की."

"त्या शील्डनं संस्थेले काय भेटलं, सांगा. उलट दोन कपाटं गेले."

"बरं, पुढच्या वर्षी शील्ड परत आणली तर?"

अण्णासाहेबांनी चहाचा घोट घेतला. "तं पाहू," ते म्हणाले.

संस्थाचालकांच्या भाषेत 'पाहू' म्हणजे 'नाही', फक्त चहा पाजून सांगितलेलं. पण माझ्या हातात तेवढंच होतं. चिखलीत आमच्या पोरींना खेळायला दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या मैदानांवर पोरांचं क्रिकेट दिवसभर चालायचं, तिथे पोरींना कोणी उभं करत नव्हतं. लॉन झालं की टीम संपली, हे मलाही कळत होतं आणि पोरींनाही. मी प्राचार्यांच्या मागे लागून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचं यजमानपद आमच्याच कॉलेजला मागून घेतलं. म्हटलं, निदान खेळ काय असतो ते अण्णासाहेबांना खुर्चीत बसवून दाखवू.

आता प्रश्न एकच होता. पिचिंग चांगली होती, बॅटिंग चांगली होती, पळण्यात तर आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. नमस्काराचं काय करायचं?

आधी मी समजावून पाहिलं. सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हटलं, "खेळात पाय लागणं म्हणजे अपमान नसतो. समोरची तुमच्यावर रागावत नाही. तिला माहीत असतं. समजलं?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "हाव मॅडम." मी उठले. उठताना माझा पाय शीतलच्या दप्तराला लागला आणि माझा हात आपोआप दप्तराकडे जाऊन छातीला लागला. पोरी तोंडं दाबून हसायला लागल्या. शीतल म्हणाली, "मॅडम, आउट!"

मग शिक्षा लावली. बेसवर नमस्कार केला की ग्राउंडला राउंड. पोरींनी ती मनापासून पाळली. पाय लागला की नमस्कार करायच्या आणि मी सांगायच्या आधीच राउंड मारायला निघायच्या. महिनाभरात त्यांचा दम इतका वाढला की विचारू नका. नमस्कार तसूभर कमी झाला नाही.

मग मी जरा जालीम उपाय काढला. पोरींना दोन रांगांत समोरासमोर बसवलं. हात पाठीमागे बांधायचे, समोरचीच्या पायाला पाय लावायचा आणि काही करायचं नाही. नुसतं बसायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या पोरींच्या खांद्यांना झटके यायला लागले. हात सुटायला पाहत होते. एक जण रडवेली झाली, "मॅडम, पाप लागते." मी म्हटलं, "लागलं तर मला लागेल, तू बस." हळूहळू सवय होत चालली. मी मनातल्या मनात शील्डला हार घातला.

मी विसरले ते एवढंच की या पोरी संध्याकाळी एसटीने घरी जातात आणि एसटीत बोलतात. ग्राउंडवर जे झालं ते अश्विनीच्या गावी, अमडापूरला पोहोचेपर्यंत वेगळंच होऊन जातं. पुढच्या बाजाराच्या दिवशी अश्विनीचे वडील गजाननभाऊ माझ्या केबिनमध्ये हजर. भाजीपाल्याची शेती, माल विकायला चिखलीत आलेले. सोबत त्यांच्या गावचे आणखी दोन बाप. तिघेही उभेच. मी खुर्च्या दाखवल्या, कोणी बसेना.

"मॅडम, राग येऊ देऊ नका," गजाननभाऊ म्हणाले, "पन तुम्ही पोरींले एकमेकीले लाता माराले शिकवून राह्यल्या म्हणे."

"लाथा नाही हो भाऊ! पाय लावायला."

"पाय लावा अन् माफी मागू नका, असंच ना?"

मी मान हलवली. कारण असंच होतं.

"परवा जेवाले बसतांना अश्विनीचा पाय तिच्या मायले लागला," भाऊ सांगू लागले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "तं पोरीनं काय करावं? दोन्ही हात मांगं बांधले अन् तशीच बसून राह्यली. नमस्कार नाई, काई नाई. मायनं ताट बाजूले सरकवलं. म्हणे, पोरीले कॉलेजात पाठवलं का तमाशात? दोन दिवस घरात कोनी कोनाशी धड बोललं नाई."

म्हणजे माझा उपाय लागू पडला होता, फक्त चुकीच्या ठिकाणी! मला हसू येत होतं आणि घामही फुटला होता. कारण भाऊंचं पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येत होतं.

"असंच असन तं अश्विनी घरीच राहीन. आमाले शील्ड नाही पाहिजे."

मागचे दोघे बाप म्हणाले, "आमची बी."

मी बोलायला लागले. खेळाचं सांगितलं, ग्राउंडचं सांगितलं, लॉनचं सांगितलं. गजाननभाऊ मान डोलावत होते, पण ती होकाराची डोलावणी नव्हती. दाराबाहेर अश्विनी आणि शीतल कान लावून उभ्या होत्या. अश्विनी आत आली. डोळे लाल.

"मॅडम, एक विचारू? टाइम मांगतला तं?"

"कसला टाइम?"

"आपन बुटाची लेस सुटली का टाइम मांगतो ना अंपायरले. तसा नमस्काराले मांगतला तं?"

नियम असा आहे: धावणारी बेसवर नीट पोहोचली आणि पळापळ थांबली की ती हात वर करून अंपायरकडे टाइम मागू शकते. कुणाची लेस सुटते, कुणाच्या डोळ्यांत माती जाते. अंपायरने टाइम दिला की खेळ थांबतो. तेवढ्या वेळात बेस सोडला तरी कोणी आउट करू शकत नाही. लेस बांधा, डोळे धुवा. नमस्कार करू नका असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. इतकी वर्षं नियम मी शिकवत होते आणि पोरींच्या हातांना झटके देत बसले होते!

"म्हंजे नमस्कार होइन ना?" गजाननभाऊंनी विचारलं.

"होईल भाऊ. फक्त परवानगी घेऊन."

"कोनाची?"

"अंपायरची. म्हणजे खेळातल्या पंचाची."

भाऊंनी मागच्या दोघांकडे पाहिलं. तिघांचं डोळ्यांनीच काहीतरी ठरलं. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मंग चालते. उशीर झाला तं झाला, नमस्कार बुडाले नाही पाहिजे." मी चहा मागवला. जाताना भाऊ मेथीची मोठी जुडी टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून नवी प्रॅक्टिस. स्लाइड, पाय बेसवर, हात वर, "टाइम, सर!" आणि सरांनी टाइम दिल्यावरच नमस्कार. हे मात्र पोरींनी झटक्यात उचललं. उलट इतकं उचललं की स्पर्धेच्या पहिल्या मॅचमध्ये अंपायर रडकुंडीला आला. आमच्या पोरी पळायच्या पुष्कळ, घसरायच्या पुष्कळ, त्यामुळे नमस्कारही पुष्कळ. तो मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या टीमने मॅच खेळायची आहे की हळदीकुंकू?" मी म्हटलं, "नियमात बसतं का नाही तेवढं सांगा." तो म्हणाला, "बसतं, तेच तर दुखणं आहे."

असं करत आम्ही फायनलला पोहोचलो. समोर गेल्या वर्षीचीच टीम, मोठ्या शहरातल्या कॉलेजची. ग्राउंड आमचं. मांडवात पहिल्या खुर्चीवर अण्णासाहेब, बक्षीस द्यायला आलेले. आणि त्यांच्या शेजारी कोण असावं? लॉनचं काम घेणारा मंडपवाला! तो नुसता बसला नव्हता. मोजायची टेप घेऊन आला होता आणि मॅच चालू असताना आपल्या माणसाला टेपचं टोक धरायला लावून लाइनीच्या बाहेर मापं घेत होता. "स्टेज इथून इथपर्यंत. बफे तिकडं." आमची डावीकडची फील्डर बॉल अडवायला धावली, तर हा तिला म्हणतो, "जरा थांब बाई, माप हालते." मी जाऊन त्याला असं काही झापलं की तो टेप घेऊन मांडवाच्या कडेला गेला. पण टेप गुंडाळली नाही.

गजाननभाऊ कुंपणाशी उभे होते. त्यांना खेळ कळत नव्हता. दर वेळी शेजारच्याला विचारायचे, "आता आपन की ते?"

मॅच बरोबरीत आली. शेवटच्या इनिंगची शेवटची बॅटिंग आमची होती. एक रन झाली की शील्ड आमची. दोघी आउट झालेल्या. अश्विनी दुसऱ्या बेसवर उभी होती. त्यांच्या पिचरचा एक बॉल बॅटवालीच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातून निसटला आणि अश्विनी सुटली. तिसऱ्या बेसवर धूळ उडवत स्लाइड. सेफ! आणि त्या धुळीतून किंकाळी आली, "आई गं!" तिसऱ्या बेसवरची त्यांची फील्डर म्हणजे उंचपुरी, धिप्पाड पोरगी. ती घोटा धरून एका पायावर नाचत होती. अश्विनीचा पाय असा तसा नाही, चांगला सणसणीत लागला होता.

अश्विनीने सगळं शिकवल्यासारखं केलं. पाय बेसवर, हात वर, "टाइम, सर!"

आणि नेमकी त्याच वेळी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून वरात निघाली. लग्नसराईच होती. बँडवाल्यांनी असा काही ताल धरला की माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. अश्विनी हात वर करून ओरडते आहे, अंपायरला वाटलं पोरगी खुशीत आहे. त्याने पिचरला खूण केली. खेळ चालू.

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी खूण केली: थांब. ती धिप्पाड पोरगी शेजारीच, हाताच्या अंतरावर, घोटा चोळत. अश्विनीचा वर गेलेला हात खाली आला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. बोटं शिवशिवत होती. मी देवाला म्हटलं, हिचा हा एक नमस्कार तू घे बाबा, पण हिला बेसवरून हलू देऊ नकोस. गेल्या वर्षभराची मेहनत, पोरींचं ग्राउंड, सगळं त्या एका हातावर येऊन थांबलं होतं.

बॅटिंगला शीतल. पहिला बॉल सोडला. दुसऱ्याला तिने असा दणका दिला की बॉल पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून सरपटत पार मागे गेला. इतके स्वच्छ हिट मी माझ्या नोकरीत फार थोडे पाहिले. अश्विनी होमकडे निघाली. मागून थ्रो आला, पण ती त्याच्या आधी घसरत घरी पोहोचली. सेफ! रन! मॅच!

पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी कुणाला तरी मिठी मारली, नंतर कळलं तो अंपायर होता. आणि अश्विनी? अश्विनी उठली, कपडेही न झटकता वळली आणि परत तिसऱ्या बेसकडे धावत सुटली.

त्या धिप्पाड पोरीने पाहिलं. जिने मघाशी घोट्यावर लाथ घातली तीच पोरगी, मातीने माखलेली, सरळ आपल्या दिशेने सुसाट येते आहे! तिने एक क्षण विचार केला आणि लंगडत पळायला लागली. "सर! सर! ही बघा!"

"ताई, थांबा ना! अवं ताई!" अश्विनी मागे.

त्यांचे कोच माझ्यावर धावून आले. "इंगळे मॅडम, तुमच्या पोरीला आवरा! जिंकलात ना? आता मारामारी कशाला?"

"मारामारी नाही हो सर, नमस्कार आहे तो!"

"काय आहे?"

समजावायला वेळ कुठे होता! ती पोरगी लंगडत लंगडत मांडवात शिरली आणि अण्णासाहेबांच्या खुर्चीकडे निघाली. मधे मंडपवाल्याची टेप ताणलेली. तिला टेप दिसली नाही. टेपसकट ती अण्णासाहेबांच्या पुढ्यात बसकण मारून पडली. अश्विनी पोहोचली, गुडघ्यावर बसली, तिच्या घोट्याला हात लावला, छातीला लावला आणि धापा टाकत म्हणाली, "सॉरी ताई. मघा पाय लागला होता. टाइम भेटला नाई."

बँड तोवर पुढे गेला होता. ती पोरगी आ वासून बघत राहिली आणि मग खो खो हसत सुटली. "अगं बाई! मला वाटलं, मारायला आलीस!" तिने अश्विनीला ओढून जवळ घेतलं. दोघी टेपमध्ये गुंडाळलेल्या. कुंपणाशी गजाननभाऊ आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होते, "माही पोरगी हाये ते. ते खालची. पाया पडून राह्यली ते." कोण जिंकलं हे त्यांनी तोवर विचारलंच नव्हतं.

अण्णासाहेबांनी चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले. मी ते स्वतः पाहिलं.

बक्षीस वाटताना ते बोलायला उभे राहिले. आमच्या टीमला त्यांनी कबड्डीची टीम म्हटलं. शील्डचा उल्लेख केला नाही, स्कोअरचा केला नाही. म्हणाले, "जिंकाले काय, कोनीबी जिंकते. पन जिंकल्यावर मांगं पळत जाऊन समोरच्याचे पाय धरनारी पोरगी मी आज पाह्यली. असे संस्कार ज्या ग्राउंडवर होतात तिथं लॉन होनार नाही. मी सांगून देतो, हे ग्राउंड पोरींचंच राहीन." टाळ्यांनी मांडव दणाणला. मंडपवाला दोन पोरींच्या पायांतून आपली टेप सोडवत होता.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. अहो, हे संस्कार घालवायला मी वर्षभर घाम गाळला! पोरी पहाटेपासून इथे पळाल्या, गुडघे सोलले, पिचिंग करून खांदे सुजले, आणि ग्राउंड वाचलं ते नमस्काराने? मी माईककडे एक पाऊल टाकलंसुद्धा.

शीतलने माझी बाही ओढली. चेहरा पडलेला. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "माहा हिट कोनी पाह्यला का?"

"मी पाह्यला," मी म्हटलं. "लय भारी होता."

"मंग तुम्ही सांगा ना त्यांले, ग्राउंड आपन खेळून जिंकलं म्हणून."

मी तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतःही बसले. या धंद्यात मी एक गोष्ट पक्की शिकले आहे, तीच तिला सांगितली. "अंपायरनं आपल्या बाजूने निकाल दिला की मुकाट्यानं डगआउटमध्ये, आपल्या बाकावर येऊन बसायचं. त्याला कारण विचारायला गेलं की तो पुन्हा विचार करतो."